नखभर इतिहास

गेल्या मे महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर कोणी जेवलं नाही. आम्ही मांडीवर ताटं घेऊन हॉलमध्ये जेवत होतो, कारण टेबलावर कन्येची प्रयोगशाळा थाटलेली होती. सतरा बाटल्या, कापसाची गुंडाळी, उदबत्तीच्या काड्या आणि फ्रिजवरून काढलेला गणपतीचा मॅग्नेट. साधं नेलपॉलिश लावणं म्हणे आता मागासलेपणाचं लक्षण आहे. मॅट हवं, मोतिया हवं, तडकलेलं हवं. चांगलं लावलेलं पॉलिश मुद्दाम तडकवायचं! आमच्या बाथरूमची भिंत गेली दहा वर्षं फुकट तडकते आहे, तिचं कोणी कौतुक केलं नाही.

स्वतःची दहा आणि हिची दहा नखं संपल्यावर कन्येची नजर माझ्याकडे वळली. निवृत्त माणसाच्या नखांना तरी दुसरं काय काम असतं? चुंबकी पॉलिशमध्ये लोखंडाची बारीक पूड असते. ते ओलं असताना वर लोहचुंबक धरला की कण रांगेत उभे राहतात. गणपतीच्या कृपेने माझ्या करंगळीवर झेब्रा क्रॉसिंग उमटलं.

हात वाळेपर्यंत काहीच करता येत नाही, म्हणून मी या विषयाचा इतिहास वाचून काढला. (पानं ही उलटत होती.) आणि चकित झालो. या नाजूक वस्तूचं कूळ चक्क तोफखान्यातलं आहे! १८४६ साली बाझलच्या शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचा संस्कार करून स्फोटक कापूस जाहीर केला. यातूनच पुढे नायट्रोसेल्युलोजचे चटकन वाळणारे रंग आले. १९२० च्या दशकात ते मोटारींना लागले आणि तीच विद्या बॉनेटवरून बायकांच्या बोटांवर उतरली. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये रेव्हसन बंधूंनी लॅकमन नावाच्या केमिस्टला बरोबर घेऊन, रंगद्रव्यं घातलेलं अपारदर्शक पॉलिश बाजारात आणलं. केमिस्टच्या वाट्याला कंपनीच्या नावातलं एक अक्षर आलं. रेव्हसनमधला 'स' काढून लॅकमनचा 'ल' घातला की झालं रेव्हलॉन. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली. ते नाव एका फ्रेंच ऑपेराचं. मुळात ती आपली लक्ष्मीच, फक्त पॅरिसला जाऊन आलेली.

हे सगळं मी मोठ्याने वाचत होतो, तेवढ्यात आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि गॅस बंद करून आली. कन्या तिथे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ओली नखं धरून उभी होती. चकाकी मारून मॅट करायची ती घरगुती युक्ती आहे.

"तोफेची दारू लावून गॅसपाशी कसली उभी राहतेस?" आई म्हणाली. पॉलिशमधली ती वास मारणारी द्रव्यं खरोखरच पेट घेणारी असतात, तेव्हा या वादात मी आईच्या बाजूने होतो.

मग मोतिया रंगाची पाळी आली आणि मी वाचता वाचता अडखळलो. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाकँ नावाचा मणी करणारा कारागीर होता. त्याने नदीतल्या लहान माशांच्या खवल्यांतला चकचकीत अंश काढून पोकळ काचमण्यांत भरला आणि नकली मोती केले. हाच खवल्यांचा अर्क पुढे मोतिया नेलपॉलिशात आला.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी आईकडे पाहिलं. ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती.

१९६९ साली बाबांनी बोनसमधून तिच्यासाठी मोतिया गुलाबी बाटली आणली होती. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आईने एका लग्नासाठी ते लावलं. दुसऱ्या दिवशी परातीत तिचे हात पाहून आजी एवढंच म्हणाली, "कणीक मळणाऱ्या हातांना हे शोभत नाही हो." आईने न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून ब्लेडने दहाही नखं खरवडली. बाबा वर्तमानपत्र वाचत राहिले. गुलाबी पापुद्रे पडलेला तो कागद मला अजून दिसतो. बाटली कपाटात सुकून दगड झाली. पुढे आजी गेली, बाबा गेले, पण आईने परत कधी नखं रंगवली नाहीत आणि मीही कधी तिला विचारलं नाही.

"म्हणजे सासूबाईंचं बरोबर होतं म्हणायचं," आई म्हणाली.

"अगं आजी, त्यांना कुठे मासे माहीत होते?" कन्या म्हणाली. "आणि आता यात अभ्रक असतं. अभ्रकाच्या कपच्यांवर टायटॅनियम डायॉक्साइडचा पातळ थर. प्रकाश त्यावरून परततो, म्हणून मोत्यासारखं चमकतं."

"अभ्रक? अभ्रकभस्मातलं?"

"तेच."

"मग औषधच की!" आईने चष्मा सारखा केला, दोन्ही हात टेबलावर पसरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज कणीक तू मळ रे."

एका करंगळीवर झेब्रा क्रॉसिंग आणि बाकीची नऊ बोटं तडकलेली, अशा थाटात मी परात पुढे ओढली. बाहेरून आवाज आला, "पाणी बेताने घाल!"