बेनी गुडमनचा ‘गुडबाय’
1930च्या दशकात अमेरिकेची तरुणाई बेनी गुडमनच्या स्विंग संगीतावर नाचत होती. कार्यक्रमाचा शेवट मात्र तो गॉर्डन जेन्किन्स यांच्या ‘गुडबाय’ या संथ, उदास रचनेने करी. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये वाजते तीच क्लॅरिनेट तिथे हळू आवाजात निरोप घेते.

बेनी शिकागोतल्या गरीब ज्यू शिंप्याचा मुलगा. वाद्याचे पहिले धडे त्याने सिनेगॉगमध्ये घेतले. गोऱ्या-काळ्या वादकांनी एका मंचावर बसू नये, अशी तेव्हाची रीत. तरीही 1936 मध्ये त्याने टेडी विल्सन या कृष्णवर्णीय पियानोवादकाला सोबत बसवले. 1938 मध्ये कार्नेगी हॉलमध्येही.

स्वतः अल्पसंख्याक असलेल्या माणसाला जागा मिळाली, तेव्हा त्याने दुसऱ्यासाठीही सरकून जागा केली. ‘गुडबाय’ ऐकताना मला हा इतिहास आठवतो आणि आपण कोणासाठी सरकलो, हा प्रश्न पडतो.