जुन्या मोटारींच्या इंधन टाकीची दुरुस्ती

जुन्या मोटारींच्या इंधन टाकीची दुरुस्ती म्हणजे गंजलेल्या, भोके पडलेल्या किंवा सांधा सुटलेल्या पत्र्याच्या टाकीची गळती बंद करून ती पुन्हा वापरण्यायोग्य करणे होय. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसेडर, महिंद्र जीप अशा वाहनांच्या टाक्या पोलादी पत्र्याच्या असत. आजच्या प्लास्टिकच्या टाक्यांना ही दुरुस्ती लागू पडत नाही. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत पाऊस, महापूर आणि उसापासून तयार होणारे इथेनॉल यांमुळे या कामाला विशेष महत्त्व आहे.

गळतीची कारणे

पत्र्याचे दोन भाग साच्यात दाबून, त्यांच्या कडा वेल्डिंगने जोडून टाकी तयार होत असे. गंज रोखण्यासाठी अनेक टाक्यांच्या पत्र्यावर शिसे व कथील यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असे. हा थर झिजला की टाकी बहुधा आतून गंजते. अर्धवट रिकाम्या टाकीतील हवेच्या बाष्पाचे पाणी होते. ते पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि तेथेच सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरच्या परिसरात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हा दोष लवकर उद्भवतो.

गळती नेहमी तळाशीच असते असे नाही. वरचा सांधा किंवा इंधनमापकाची गॅस्केट सुटलेली असल्यास सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही; टाकी काठोकाठ भरून पसरणी घाट चढू लागल्यावर मात्र पेट्रोलचा वास येतो. जुन्या सीजे-३बी जीपची टाकी चालकाच्या आसनाखालीच असल्याने तिची किरकोळ गळतीही धोकादायक ठरते.

सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले. त्या पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. पुरात बुडालेल्या गाडीच्या टाकीत श्वासनळीतून पाणी व गाळ शिरतो. अशा गाडीचे इंजिन सुरू करण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

इथेनॉलचा परिणाम

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे भारतातील पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले आणि त्यांत सांगली जिल्ह्यातील मिरजेचा समावेश होता. पुढे २०२२ मध्ये देशात हे प्रमाण सरासरी १० टक्क्यांवर आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचा एकत्र थर पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतो आणि पत्रा झपाट्याने गंजवतो. शिसेयुक्त मुलामा, जुने रबरी पाइप आणि गॅस्केट यांनाही इथेनॉल मानवत नाही. जुना गंज सैल होऊन कार्ब्युरेटरचे जेट तुंबतात. पुष्कळदा मालकाला टाकीचा दोष कळतो तो येथेच.

दुरुस्ती

रस्त्यात गळती लागल्यास छिद्रावर साबणाची वडी घासण्याची चालकांची जुनी पद्धत आहे. साबण पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते. पावसात मात्र तो धुऊन जातो. एम-सीलसारखी लांबीही तात्पुरतीच समजावी.

कायमच्या दुरुस्तीत सर्वांत मोठा धोका रिकाम्या टाकीचा असतो. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असताना ती पेट घेते. भरलेल्या टाकीत हवा थोडी असते. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र स्फोटक मिश्रण सहज तयार होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने झाकण उघडे ठेवूनही आत रेंगाळते. त्यामुळे ‘टाकी कालच रिकामी केली आहे’ या भरवशावर वेल्डिंग करणे जिवावर बेतू शकते. टाकी उतरवून, गरम पाणी व साबणाने अनेकदा धुऊन, वाफेने साफ करावी लागते. त्यानंतरही कारागीर डागाच्या जागेपर्यंत पाणी भरतात किंवा आत निष्क्रिय वायू सोडतात. पातळ पत्र्याला वेल्डिंगपेक्षा डाख देणे सोयीचे ठरते. हे काम सहसा रेडिएटर दुरुस्त करणारे कारागीर करतात.

आतून लेप

छिद्रे अनेक असल्यास टाकीला आतून लेप देतात. आधी टाकीत नट किंवा साखळी टाकून हलवून गंज खरवडतात, मग फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्लाने धुतात, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारतात आणि टाकी पूर्ण कोरडी करतात. विद्युत्-अपघटनाने गंज काढायचा असेल, तर धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात टाकी ऋण टोकाला व लोखंडी कांब धन टोकाला जोडतात. कांबीचा टाकीला स्पर्श होता कामा नये. स्टेनलेस स्टीलची कांब वापरल्यास विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात. हायड्रोजन वायू सुटत असल्याने हे काम उघड्यावर करावे लागते.

त्यानंतर इपॉक्सी लेप ओतून टाकी सर्व बाजूंनी फिरवतात आणि उरलेला लेप काढून टाकतात. ओलसर किंवा तेलकट पत्र्याला लेप धरत नाही. बहुतेक लेप फसतात ते याच कारणाने. पूर्वीचे काही लेप अल्कोहोलमध्ये विरघळणारे होते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे त्यांचे पापुद्रे सुटून इंधननळी तुंबते, म्हणून नवा लेप देण्याआधी जुना संपूर्ण काढावा लागतो. श्वासनळी लेपाने बुजल्यास टाकीत निर्वात निर्माण होऊन चालती गाडी बंद पडते.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, मूळ स्वरूपात राखलेल्या ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. अशा गाड्यांचे मालक नवी टाकी बनवून घेण्यापेक्षा मूळ टाकीच दुरुस्त करणे पसंत करतात.