थोडं राहिलेलं काम

लंडनमधला एका खोलीचा फ्लॅट. मालकाने तो सजवून आणि फर्निचर करून द्यायचं काम एका सजावटकाराला उक्तं दिलं: पुस्तकांचं कपाट, कपड्यांचं कपाट, पलंग, सगळं मिळून ७५० पौंडांत. काम चालेल तसे थोडे पैसे द्यायचे आणि उरलेले काम पुरं झाल्यावर, असं ठरलं. ४०० पौंड पोचले. सजावटकार म्हणाला, काम झालं, बाकीचे ३५० द्या. मालक म्हणाला, कपाटाचं दार बदलावं लागणार आहे, एक फळी आखूड पडली आहे, म्हणजे काम पुरं झालेलंच नाही. काम अपुरं तर पैसे नाहीत. पण तोवर तो त्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता आणि तेच फर्निचर वापरत होता.

हा तंटा १९५२ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयात पोचला. नाशिकच्या, लातूरच्या किंवा डोंबिवलीच्या कुठल्याही घरात तो आज जसाच्या तसा घडू शकतो. स्वयंपाकघराचा ओटा झालेला असतो, पण सिंकखालची गळती राहते. टाइल्स बसतात, पण सांधे भरायचे राहतात. रंगाचा दुसरा हात राहतो. मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेला असतो आणि फोन उचलत नाही. मालकाने शेवटचा हप्ता अडवून धरलेला असतो. दोघांनाही आपलीच बाजू खरी वाटते, आणि बहुतेक वेळा दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. थोडं काम राहिलं तर पैशाचं काय करायचं, हा प्रश्न घराइतकाच जुना आहे. त्याचं उत्तर मात्र काळाच्या ओघात अनेकदा बदललं.

मराठीत या व्यवहाराचे शब्द फार नेमके आहेत. रोजावर काम म्हणजे दिवसाची मजुरी. काम संपो न संपो, दिवस भरला की पैसे. उक्तं काम म्हणजे पुऱ्या कामाची एकच रक्कम. त्यातही नुसत्या मजुरीवर की मालासकट, हे आधी ठरतं. काम घेणारा कुठे ठेकेदार, कुठे मक्तेदार, तर मराठवाड्यात गुत्तेदार. भांडण बहुधा उक्त्या कामातच होतं, कारण रक्कम एक आणि कामं मात्र पन्नास. त्यातलं एक राहिलं तर रकमेतून किती वजा करायचं, हे बोलीच्या वेळी कोणीच ठरवलेलं नसतं.

धर्मशास्त्राने अशा तंट्यांना स्वतंत्र घर दिलं होतं. मनूच्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे दाव्यांच्या अठरा प्रकारांत, वेतन न देण्याचा एक प्रकार आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या १९४६ च्या तिसऱ्या खंडात या व्यवहारपदांचा विचार आहे. काणे स्वतः मुंबई उच्च न्यायालयातले वकील. ग्रंथांतल्या वादांकडे त्यांनी वकिलाच्या नजरेनेही पाहिलं. मनूचा या बाबतीतला नियम कठोर आहे. माणूस आजारी असो वा धडधाकट, ठरलेलं काम त्याने पुरं केलं किंवा करवून दिलं नाही, तर काम अगदी थोडं उणं राहिलं तरी त्याला वेतन देऊ नये. दिलासा एकच: आजारी पडलेला माणूस बरा होऊन बोलीप्रमाणे काम करून देईल, तर कितीही काळाने का होईना, त्याचं वेतन त्याला मिळावं.

कौटिल्य वेगळं बोलतो, आणि तेही स्वतःचं नाव घेऊन. अर्थशास्त्राची पोथी आर. शामशास्त्री यांनी म्हैसूरमध्ये उजेडात आणली आणि १९०९ मध्ये छापली. पुढे मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० पासून तीन भागांत काढली. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात एक छोटा वाद येतो. कामगार हजर झाला, पण मालकाने काम करवून घेतलं नाही, तर काम झालंच असं समजावं, असं आधीचे आचार्य म्हणतात. कौटिल्य म्हणतो, नाही. वेतन केलेल्या कामाचं, न केलेल्याचं नव्हे. मात्र मालकाने थोडं काम करवून घेऊन मध्येच थांबवलं, तर ते पुरं झालं असंच धरावं. चौथ्या अधिकरणात कारागिरांसाठी आणखी नेमकं सांगितलं आहे. जागा, वेळ आणि काम आधी ठरवून घ्यावं. वेळ चुकली तर वेतन पाव हिश्शाने कमी, वर त्याच्या दुप्पट दंड. आपत्ती कोसळली असेल तर सूट.

केलेल्या कामाचे पैसे, न केलेल्याचे नाहीत. एवढं साधं तत्त्व इंग्रजी न्यायालयांना मात्र बराच काळ मान्य नव्हतं.

ते का मान्य नव्हतं, हे समजायला १७९३ सालच्या एका जहाजाकडे जावं लागतं. ‘गव्हर्नर पॅरी’ हे जहाज २ ऑगस्टला जमैकातल्या किंग्स्टनहून लिव्हरपूलला निघालं. कटर नावाच्या दुय्यम अधिकाऱ्याला लिव्हरपूलला पोचल्यानंतर दहा दिवसांनी ३० गिनी मिळायच्या होत्या, अट इतकीच की तोवर त्याने आपलं काम नीट करावं. २० सप्टेंबरला तो वाटेतच वारला. जहाज ९ ऑक्टोबरला पोचलं. त्याच्या विधवेने झालेल्या प्रवासाच्या प्रमाणात पैसे मागितले. लॉर्ड केनयन यांच्या न्यायालयाने १७९५ मध्ये तिला काहीही दिलं नाही. करार अखंड होता, प्रवास पुरा झाला नाही, म्हणून रक्कमही नाही. नेहमीचा पगार महिना ४ पौंड असताना या माणसाने त्याहून खूप मोठी एकरकमी बोली केली, म्हणजे सगळं किंवा काहीच नाही हा धोका त्याने पत्करला, असं न्यायाधीशांचं म्हणणं. सात आठवडे समुद्रावर राबलेल्या माणसाच्या बायकोला रिकाम्या हाताने परत पाठवणारा हा निवाडा पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ गवंड्यांच्या आणि सुतारांच्या डोक्यावर टांगलेला राहिला.

१८९८ मध्ये तोच नियम एका अर्धवट घरावर लागू झाला. एका बिल्डरने दुसऱ्याच्या जमिनीवर दोन घरं आणि तबेले बांधायचं काम ५६५ पौंडांना उक्तं घेतलं. सुमारे ३३३ पौंडांचं काम झालं, काही पैसे त्याला मिळाले, आणि मग तो म्हणाला, माझ्याजवळ पैसे उरले नाहीत, पुढे काम होणार नाही. मालकाने तिथे पडलेलं साहित्य वापरून इमारती स्वतः पुऱ्या केल्या. बिल्डरने झालेल्या कामाचे उरलेले पैसे मागितले. न्यायालयाने साहित्याचे पैसे दिले, कामाचे नाहीत.

निकाल कठोर आहे, पण न्यायमूर्ती कॉलिन्स यांनी दिलेलं कारण आजही कामाचं आहे. अर्धं बांधलेलं घर मालकाच्या जमिनीवर उभं आहे. ते तो पाडून टाकणार की पुरं करणार? त्याला खरा पर्याय नाही, म्हणून घर पुरं करणं म्हणजे केलेलं काम मान्य करणं नव्हे. विटा-लाकडं मात्र तो परत करू शकला असता. ती त्याने आपणहून वापरली, म्हणून त्यांचे पैसे देणं त्याला भाग आहे. मालकाला पर्याय होता का, या एका प्रश्नावर हा कायदा उभा राहिला.

वेगळी वाट न्यूयॉर्कमध्ये दिसते. १९२१ च्या ‘जेकब अँड यंग्ज विरुद्ध केंट’ खटल्यात ७७ हजार डॉलरहून अधिक खर्चाचं गावाकडचं घर बांधून झालं होतं, मालक राहायलाही गेला होता. नंतर कळलं की करारात लिहिलेल्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपन्यांचे नळ भिंतीत बसले आहेत. दर्जा तोच, पण नाव वेगळं. नळ बदलायचे तर तयार भिंती फोडाव्या लागणार. मालकाने राहिलेले ३,४८३ डॉलर ४६ सेंट अडवले. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवलं की चूक जाणूनबुजून नसेल आणि किरकोळ असेल, तर तिच्यामुळे घराच्या किमतीत जेवढा फरक पडेल तेवढाच कापता येईल. इथे तो फरक नगण्य होता.

आता लंडनच्या फ्लॅटकडे. न्यायमूर्ती सॉमरव्हेल, डेनिंग आणि रोमर यांनी पाहिलं की काम मुख्यतः पुरं आहे आणि मालक ते वापरतो आहे. त्याला पर्याय होता: फर्निचर नाकारता आलं असतं. उणिवा दुरुस्त करायला ५५ पौंड १८ शिलिंग २ पेन्स लागणार होते. ते ३५० मधून वजा झाले आणि सजावटकाराला २९४ पौंड १ शिलिंग १० पेन्स मिळाले. या पेन्सांपर्यंतच्या हिशेबातच सगळं तत्त्व आहे. दार बदला, फळी नवी करा, त्याचा खर्च कापा आणि उरलेलं द्या.

पण थोडं राहिलं आणि मूळ काम साधलंच नाही, यांत फरक आहे. १९७२ च्या एका खटल्यात ५६० पौंडांना घर गरम ठेवायची यंत्रणा बसवून घेतली होती. खोल्या पुरेशा गरम होत नव्हत्या, घरात धूर यायचा, दुरुस्तीला १७४ पौंड ५० पेन्स लागणार होते. बसवणाऱ्याला न्यायालयाने काहीच दिलं नाही. ज्यासाठी काम काढलं तेच साधलं नसेल, तर ते मुख्यतः पुरं झालं असं म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात हे तंटे न्यायालयांच्या आधी पंचांपुढे जायचे. वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ च्या ‘द ज्युडिशियल सिस्टिम ऑफ द मराठाज’ या ग्रंथात ती रीत सापडते. दोन्ही पक्ष पंचांचा निवाडा मान्य असल्याचा कागद लिहून द्यायचे. त्याचं नाव राजीनामा. आज नोकरी सोडण्याच्या पत्राला जो शब्द आहे, तोच तेव्हा राजी असल्याचा कागद होता. जामीन घेतला जाई, शेवटी निवाडपत्र मिळे. जिंकलेल्याने हरकी द्यायची, हरलेल्याने गुन्हेगारी. जपून राहिलेले बरेचसे निवाडे वतनांचे आणि जमिनींचे आहेत. पण ‘चार माणसं बोलवा आणि काम दाखवा’ ही आजही ऐकू येणारी मागणी त्याच सवयीची. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांपैकी सातवं लवादाबद्दलच होतं.

मग १८७२ चा भारतीय करार कायदा आला. त्यातली उदाहरणं घरदुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत. कलम ७३ मधलं एक असं: घर ठरावीक पद्धतीने दुरुस्त करून द्यायचं ठरलं, पैसे आगाऊ घेतले, दुरुस्ती केली, पण ठरल्यासारखी नाही. ती ठरल्यासारखी करून घ्यायला जो खर्च येईल तो मालकाला वसूल करता येईल. कायदा मालकाच्याच बाजूने झुकलेला नाही, हेही त्याच पुस्तकात दिसतं. कलम ६७ चं उदाहरण सांगतं की कुठे दुरुस्ती हवी हे मालकानेच दाखवलं नाही, तर काम न झाल्याचा दोष ठेकेदारावर येत नाही. कलम ५४ च्या उदाहरणात परांची आणि लाकूड मालकाने पुरवायचं ठरलं होतं. ते त्याने दिलं नाही, तर ठेकेदाराने काम करायची गरज नाही, उलट मालकाने भरपाई द्यायची. आणि कलम ७० म्हणतं की फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी कायदेशीरपणे आपल्यासाठी काही केलं आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. कौटिल्याचं ‘केलेल्या कामाचं वेतन’ इथे पुन्हा भेटतं.

सरकारी बांधकामात हेच तत्त्व मोजमाप पुस्तिकेत उतरलं. गिलावा, फरशी, रंग, जे झालं ते जागेवर मोजायचं, पुस्तिकेत लिहायचं, आणि त्यावर देयक काढायचं. घरमालक आणि मिस्त्री यांच्यातली बरीच भांडणं केवळ या एका वहीच्या अभावी होतात. किती ब्रास गिलावा झाला हे दोघांनी त्याच दिवशी मोजून सही केली असेल, तर सहा महिन्यांनी आवाज चढवायची वेळ येत नाही.

करार कायद्याने दिलेला हक्क होता, पण तो मिळवायला दिवाणी दावा, वकील आणि वर्षं लागत. लवादानेही निराश केलं. १९८१ मध्ये गुरू नानक फाउंडेशन आणि तिच्या बांधकाम ठेकेदारातला तंटा सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी १९४० च्या लवाद कायद्याची अवस्था पाहून उघड खंत व्यक्त केली. झटपट निकालासाठी काढलेली वाटच खटल्यांच्या जंगलात हरवली होती. १९९६ मध्ये नवा लवाद कायदा आला.

सामान्य घरमालकाची वाट दुसरीकडून उघडली, आणि तिच्यात पुण्याचा वाटा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे का, हा वाद मात्र उरला होता. लखनौ विकास प्राधिकरणाने अपुरं काम ठेवून एका ग्राहकाचा फ्लॅट अडवला होता. ५ नोव्हेंबर १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ही सेवाच आहे आणि त्रासापोटी ग्राहकाला १०,००० रुपये मिळाले पाहिजेत. शिवाय ज्या अधिकाऱ्यांमुळे हे झालं त्यांच्याकडून ते वसूल करावेत, असंही सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने घरबांधणी हा शब्दच कायद्यात आला.

महारेरा हे नियामक प्राधिकरण १ मे २०१७ पासून बिल्डरच्या प्रकल्पांसाठी काम करतं. राहत्या घराचा ओटा किंवा न्हाणीघर अर्धवट सोडून गेलेल्या ठेकेदारासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आयोगापुढच्या तक्रारीत मध्यस्थीचीही सोय केली. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील सक्तीचा नाही, आणि कामापोटी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात एक रुपयाही फी भरावी लागत नाही.