अबकारीची वही, तालमीचा हौदा आणि खेळाडूचे मन

कामवारी नदीकाठच्या भिवंडीचा उल्लेख इतिहासलेखनात येतो तो मुख्यतः दोन संदर्भांत, विणकामाच्या धंद्याच्या आणि १९७० व १९८४ च्या दंगलींच्या. महानगरपालिकेच्या अधिकृत नावात भिवंडीसोबत जोडलेला निजामपुराही या दोन संदर्भांपलीकडे क्वचितच पोहोचतो. शरीर कमावणारी, कुस्ती व हुतुतू खेळणारी माणसे, त्यांच्या दुखापती, त्यांचे मद्यपान आणि त्यांच्या मनाची अवस्था हा विषय मात्र या परिसराच्या इतिहासात सलगपणे येत नाही, कारण त्याची नोंद एका ठिकाणी कधी झालीच नाही. दारूची नोंद अबकारी खात्याने गॅलनांत आणि रुपयांत केली, मनाची नोंद ठाण्याच्या मनोरुग्णालयाने रुग्णसंख्येत केली आणि दुखापत वस्तादाच्या व हाडवैद्याच्या स्मरणात राहून त्यांच्याबरोबर संपली. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या देहात एकत्र येतात, ही जाणीव फार उशिरा रुजली, आणि त्या उशिराची किंमत खेळाडूंनी मोजली आहे.

१८५७ च्या उठावानंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून निघालेली मोमीन विणकरांची कुटुंबे मालेगाव, बुऱ्हाणपूर आणि भिवंडी येथे स्थिरावली. ज्या प्रदेशातून ती आली, त्यातील बनारससारख्या विणकरी शहरांत अन्सारी मोहल्ल्यांचे स्वतःचे आखाडे होते आणि मागावर दिवसभर वाकून बसणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने आखाड्यातील मेहनत हा पाठ सरळ करण्याचा, तसेच मोहल्ल्यात मान मिळवण्याचा मार्ग होता. महाराष्ट्रातील तालीम याच कुळातील संस्था. हौदा म्हणजे कुस्तीसाठी खणलेला मातीचा चौकोन. त्यातील लाल मातीत तेल, ताक, लिंबू आणि हळद मिसळून ती मुरवली जाई, जेणेकरून खरचटलेले अंग चिघळू नये. सांधा निखळला तर तो बसवणे, मुरगळलेल्या पायाला लेप लावणे, कोणाला किती दिवस हौद्याबाहेर ठेवायचे हे ठरवणे ही कामे वस्ताद स्वतः करी किंवा ओळखीच्या हाडवैद्याकडे सोपवी. दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईचा खुराक, जोर-बैठका, लंगोटाचे म्हणजे ब्रह्मचर्याचे पालन आणि दारूबंदी हा सगळा एकाच शिस्तीचा भाग असे, आणि तालमीत मारुतीची तसबीर असो वा आखाड्यात अलीचे नाव घेतले जावो, या शिस्तीत फरक पडत नसे.

मल्लविद्या आणि दारू यांची फारकत जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविद्या आणि मद्यपान या दोहोंचे वर्णन राजाच्या रंजनाचे प्रकार म्हणून येते, परंतु वेगवेगळ्या प्रकरणांत. मल्लाच्या आहाराचा व सरावाचा विचार तेथे आहे, मद्यपी मल्लाचा नाही. ही विभागणी पुढे तालमीनेही कायम ठेवली. तिच्या नियमांत दारू पिऊ नये हे स्पष्ट होते, पण प्यायला लागलेल्या पैलवानाचे काय करावे याचे उत्तर त्याला बाहेर काढणे याखेरीज तिच्याकडे नव्हते. शिस्त जितकी कडक तितके लपवणे अधिक, आणि जो माणूस लपवतो तो मदत मागायला सर्वांत शेवटी येतो. तालमीच्या गौरवाने भरलेल्या लेखनात ही बाजू सहसा येत नाही.

तालमीबाहेर दारूचे अर्थकारण वेगळ्याच गतीने चालले होते. ठाणे जिल्ह्यात, ज्यात त्या काळी आजचा पालघर जिल्हाही मोडत असे, ताडामाडाची ताडी आणि मोहाच्या फुलांची दारू ही भंडारी, आगरी, कोळी, वारली, ठाकर व कातकरी समाजांच्या आहारात, सणांत आणि देवकार्यांत मुरलेली होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचे व विकण्याचे हक्क सरकारच्या हाती एकवटले, ताडी काढल्या जाणाऱ्या झाडांवर कर बसला, आणि १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाची फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा करण्यात आला. रानातून वेचून आणलेली फुले घरात ठेवणे हा अशा रीतीने गुन्हा झाला, तर परवान्याच्या दुकानातील महाग दारू कायदेशीर ठरली. अबकारी म्हणजे मादक पदार्थांवरील कर. त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाकडे पाहणाऱ्या सरकारला पिणाऱ्याच्या प्रकृतीशी कर्तव्य नव्हते.

या धोरणाला विरोध करणाऱ्यांत एक नाव तालमीतून आलेले आहे, हे विशेष. जोतीराव फुले यांनी पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा व कसरत शिकली होती, आणि १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरात दारूची दुकाने वाढवण्याविरुद्ध त्यांनी लेखी हरकत घेतली. त्यानंतर चार दशकांनी, १९२२ मध्ये, पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीच्या संचाराची एक चळवळ सुरू झाली. ती डहाणूमार्गे दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात पसरत गेली आणि देवीच्या आज्ञेने हजारो लोकांनी दारू व ताडी सोडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला असून, पारशी दारूविक्रेत्यांच्या कर्जातून सुटण्याची धडपड तिच्यामागे होती असे दाखवले आहे. दारू सोडण्याचा निर्णय येथे एकट्या माणसावर टाकलेला नव्हता, तो गावाने मिळून घेतला होता, आणि व्यसनमुक्तीच्या आजच्या पद्धती पाहिल्या तर हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

सरकारी दारूबंदीचा मार्ग याच्या उलट होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली, तिचे प्रमुख पुरस्कर्ते मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः हृदयविकारतज्ज्ञ होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर १९५० मध्ये ती संपूर्ण प्रांतावर आली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंदी रद्द केली, मात्र कायद्याचा गाभा टिकला, आणि बंदी पुढे सैल झाली तरी पिण्यासाठी परवाना लागतो ही तरतूद आजही पुस्तकात आहे. ठाणे व भिवंडीच्या खाड्यांतील खारफुटीत हातभट्ट्या लागू लागल्या त्या याच वातावरणात. विषारी दारूने माणसे मरण्याचे प्रकार त्यानंतर वारंवार घडले. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. कायद्याच्या लेखी मद्यपी हा प्रथम गुन्हेगार होता, आणि रुग्ण झालाच तर फार नंतर.

मनाच्या आजाराची सरकारी जागा निजामपुऱ्यापासून दूर नव्हती. कुलाब्याच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळावरील ताण कमी करण्यासाठी ठाण्याच्या नौपाडा भागात नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने मनोरुग्णालय उभे राहिले, ते वर्ष १९०१. वसाहतकाळातील अशा संस्थांच्या वार्षिक अहवालांत वेडाची ‘कारणे’ देणारा एक तक्ता असे आणि त्यात गांजा व दारू ही नावे ठळकपणे येत. गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने अशा नोंदी तपासल्या तेव्हा आढळले की, रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाच्या कागदावर जे लिहिलेले असे तेच पुष्कळदा कारण म्हणून उतरवले जात होते. माणूस आधी खचला आणि मग पिऊ लागला, की पिण्याने खचला, हा प्रश्न त्या तक्त्यात मावणारा नव्हता. खेळाडूच्या बाबतीत तर तोच प्रश्न मुख्य असतो.

दुखापतीने खेळ थांबतो तेव्हा थांबतो तो केवळ सराव नव्हे. दिवसाची आखणी, सोबती, गावातील मान आणि पुष्कळदा नोकरी या गोष्टी त्याच दिवशी हलतात. खुराकाची सवय मात्र राहते, मेहनत राहत नाही, आणि वजन, मधुमेह व सांधेदुखी मागे लागते. दारू वेदना तात्पुरती बधिर करते आणि झोप लावते असे वाटते, प्रत्यक्षात ती झोपेची प्रत बिघडवते, स्नायूंची झीज भरून येण्याची क्रिया मंदावते आणि वेदनाशामक गोळ्यांबरोबर घेतल्यास यकृतावर व जठरावर भार टाकते. काही काळाने शरीराचे तिच्यावाचून चालेनासे होते. यालाच अवलंबित्व म्हणतात, आणि या अवस्थेत दारू एकाएकी तोडल्यास हातपाय थरथरणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार होतात, म्हणून केवळ शपथ घेऊन ती सोडणे धोक्याचे ठरू शकते. दुखापत झालेला प्रत्येक खेळाडू या वाटेने जातो असे मुळीच नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांची ऑलिंपिकमधील वाटचाल गुडघ्याच्या दुखापतीने थांबली; १९५५ मध्ये मिळालेल्या पोलीस खात्यातील नोकरीने त्यांना दिवसाची आखणी आणि वर्दीचा मान दिला, जरी बढतीसाठी व निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. नोकरी हेच त्या पिढीतील खेळाडूंचे मानसोपचार होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी होणार नाही.

मुंबईच्या गिरणगावात ही भूमिका कापडगिरण्यांनी बजावली. लालबाग-परळच्या व्यायामशाळांत घडलेले कबड्डीपटू गिरण्यांच्या संघांतून खेळत, मफतलालसारख्या कंपन्या क्रिकेटचे संघ पोसत, आणि खेळ संपल्यावर खात्यातील काम व कामगार विम्याचे रुग्णालय उरत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगारांना व्यापणाऱ्या संपानंतर कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. माग आले, पण गिरणीचे मैदान, संघ, दवाखाना आणि कायम नोकरी ही भिवंडीत आली नाहीत. लहान शेडमध्ये बारा तासांच्या पाळीत उभ्या असणाऱ्या कारागिराला संध्याकाळ उरत नाही, तर तालमीसाठी पहाट कुठून उरणार? भिवंडीच्या औद्योगिक इतिहासात ही हानी कोणत्याच आकड्यात मोजलेली नाही, आणि ती संपाच्या हिशोबात धरली गेली पाहिजे.

भिवंडी तालुक्यातील काल्हेर येथील एका खासगी रुग्णालयात २१ डिसेंबर २०२४ रोजी माजी कसोटी क्रिकेटपटू विनोद कांबळी दाखल झाले आणि खेळाडू, दारू व प्रकृती हा विषय काही दिवस साऱ्या देशात बोलला गेला. १९८८ मध्ये शारदाश्रम शाळेसाठी सचिन तेंडुलकरसोबत ६६४ धावांची भागीदारी, १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोटींत दोन द्विशतके, १७ कसोटींत ५४.२० ची सरासरी आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी कसोटी कारकिर्दीचा शेवट हा त्यांचा आलेख सर्वज्ञात आहे. आपण मद्यपानाशी झुंज दिल्याचे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे, आणि त्यासाठी ते चौदा वेळा उपचारकेंद्रात गेल्याचे त्यांच्या एका मित्राने सांगितले. या चौदा वेळांचा अर्थ वर्तमानपत्री चर्चेत बहुधा चंचलपणा असा लावला गेला. तो चुकीचा आहे. व्यसन हा उलटणारा आजार आहे आणि पुन्हा पुन्हा उपचार घ्यावे लागणे हे त्याचे लक्षण आहे, स्वभावदोष नव्हे. क्रिकेट मंडळाचे निवृत्तिवेतन महिना ३० हजार रुपये त्यांना मिळत होते, म्हणजे व्यवस्थेने पैशाची काही सोय केली होती. कसोटी संघातून बाहेर पडलेल्या तरुणाकडे लक्ष ठेवण्याची सोय मात्र १९९५ मध्ये भारतीय क्रिकेटच्या रचनेत नव्हती. इंग्लंडचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कॉथिक २००६ च्या भारत दौऱ्यातून अचानक परतला तेव्हा त्यामागील नैराश्याचे कारण उघडपणे सांगायला त्यालाही अवधी लागला, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी तज्ज्ञांचे एकमताचे निवेदन काढले ते २०१९ मध्ये.

उपचाराची स्थानिक परंपरा त्याआधीच तयार झाली होती. वांद्र्यात १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण उभारले. बरा झालेला रुग्णच नव्या रुग्णाचा सोबती होतो आणि कुटुंबालाही उपचारात धरले जाते, ही तेथील रीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला, आणि अबकारीची वही व नौपाड्याची नोंदवही निदान कायद्याच्या पानावर एकत्र आल्या.

तिसरी वही, खेळाडूची, अजून कोरी आहे. ठाणे जिल्ह्यातील कबड्डी मंडळे, तालमी आणि क्रीडासंघटना यांच्याकडे चषकांची व विजेत्यांची यादी असते. कोणाचा गुडघ्याचा अस्थिबंध कोणत्या वर्षी तुटला, कोणी खेळ केव्हा आणि का सोडला, पुढे त्याचे काय झाले, याची साधी नोंद त्यांनी संबंधितांच्या संमतीने आणि गोपनीयता राखून ठेवायला आजपासून सुरुवात करावी, आणि त्या नोंदीत जो अडचणीत दिसेल त्याच्या घरी मंडळाचा माणूस पाठवावा.