कानाचा आरसा

आरसाच वाकडा असला तर चेहऱ्याला दोष कसा द्यावा? हेडफोनचेही तसेच आहे. १९१० साली अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन यांनी बनविलेले हेडफोन तेथील नौदलाने घेतले. तेव्हा संदेश ऐकू आला की काम भागे. १९५८ साली जॉन कॉस यांनी स्टीरिओ संगीतासाठी हेडफोन आणला. पण कोणी हेडफोन खर्ज फुगवितो, कोणी तारस्वर दाबतो. त्यावर विसंबून जुळविलेले गाणे दुसऱ्याच्या घरी बेढब वाजते. २०१२-१३ साली शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन पसंतीचा आलेख ठरविला. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर अशा आलेखाशी हेडफोन ताडून उलटा तोल घालते. निवडताना आधी पाहा, आपल्याच हेडफोनचे मोजमाप त्यात आहे ना? आणि गाणे पक्के करताना ते बंद करा. नाहीतर आपल्या हेडफोनचे औषध साऱ्या श्रोत्यांना पाजल्यासारखे होईल!