आंधळगांवचा माग आणि त्रैराशिक

भंडारा जिल्ह्यांतील आंधळगांव कोशाच्या कापडासाठीं नांवाजलेलें आहे. तेथील एखाद्या मागावर काल दोन हात कापड विणून झालें असून आजपासून रोज तीन हात विणलें जाणार आहे, असें क्षणभर मानूं. दोन दिवसांनीं कापड आठ हात होईल. मग चार दिवसांनीं किती, असें शाळेंतील मुलास विचारिलें तर तो बहुधा सोळा म्हणतो. विणकर चौदा म्हणेल.

सोळाचा आंकडा सवयीनें येतो, आणि ही संवय जुनी आहे. पंतोजी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. सवायकींत दर पायरीस सव्वा वाढतो, आरंभ शून्यापासून. याच पायावर त्रैराशिक उभें आहे. परमेश्वरानें जसें विश्व, तसें त्रैराशिकानें सर्व गणित व्यापिलें आहे, असा अभिप्राय भास्कराचार्यांनीं 'लीलावती'त (इ. स. ११५०) दिला आहे. बाजारांत हें पुरतें. शून्य शेर तांदुळास कोणी पैसा मागत नाहीं. पण मागावरचे कालचे दोन हात त्रैराशिकांत कोठें बसवावयाचे?

उत्तर आमच्या ज्योतिषांत होतें. सूर्यसिद्धांतांत कंसांच्या ज्या २२५ कलांच्या अंतरानें दिल्या आहेत: पहिली २२५, दुसरी ४४९. मधल्या ३०० कलांची ज्या हवी असल्यास पहिली तशीच ठेवावयाची. दोहोंतील अंतर २२४. आतां २२५ कलांस २२४, तर उरलेल्या ७५ कलांस किती? ७४ व दोन तृतीयांश. तें पहिलींत मिळविलें कीं २९९ व दोन तृतीयांश. त्रिज्या ३४३८ धरून सूक्ष्म मान २९९.६४ येतें! येथें त्रैराशिक लाविलें तें अंतरांस. मागाचेंही तसेंच: दोन दिवसांत सहा हात वाढले, चार दिवसांत बारा वाढतील; कालचे दोन निराळे.

हें शिकण्याची सोय महाराष्ट्रांतच होती. चाळीसगांवाजवळ पाटण येथें भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. तेथील इ. स. १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखाचा कांहीं भाग जुन्या मराठींत असून, बाजारांतील मालावरचें राजाचें उत्पन्न मठास दिल्याचें त्यांत नमूद आहे. मठ चालला तो बाजाराच्या त्रैराशिकावर, ही मौजच म्हणावयाची. तें त्रैराशिक पुढें गांवोगांवच्या शाळांत टिकलें. अंतरांचें मात्र पंचांग करणाऱ्यांच्या घरांबाहेर फारसें पडलें नाहीं, कारण दुसऱ्या कोणास त्याची नड नव्हती. मागापुढें मूल बसवून शिक्षकानें "किती झालें?" याच्या आधीं "किती वाढलें?" असें विचारावें, एवढीच आमची सूचना आहे.