नाशिक अग्निशमन दल : आगीपलीकडची पथके

नाशिक महापालिकेच्या अग्निशमन दलाचे मुख्यालय शिंगाडा तलाव येथे असून पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड आदी भागांत त्याची केंद्रे आहेत. १०१ क्रमांकावर येणारी प्रत्येक वर्दी आगीचीच असते असे नाही. पुरात अडकलेली माणसे, पावसाळ्यात खचणारे जुन्या नाशकातील वाडे, महामार्गावरील अपघात, वायुगळती, इतकेच काय, नायलॉन मांजात अडकलेला पक्षीही याच जवानांच्या वाट्याला येतो.

यांतील सर्वांत जुना अनुभव पाण्याचा आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंड परिसरातील टपऱ्या हलविण्याच्या सूचना देण्यापासून काम सुरू होते. नाशिककर पुराची उंची दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पथकाला मात्र पाण्याचा वेग, वाहून येणारे ओंडके आणि पुलांच्या कमानींपाशी होणारे भोवरे यांचा हिशेब ठेवावा लागतो. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत रबरी बोट, दोर व जीवरक्षक जाकिटे ही साधने किती मोलाची आहेत, हे शहराने पाहिले. वाहत्या प्रवाहात पोहत जाणे हा पथकाचा शेवटचा पर्याय असतो. काठावरून दोर फेकता आला, तर तोच आधी फेकला जातो.

सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहतींमुळे रासायनिक दुर्घटनांचे तंत्र अवगत असणे अपरिहार्य ठरते. येथे पाणी हे सर्वत्र औषध नव्हे. तेलाच्या आगीवर फेस लागतो, सोडियमसारख्या धातूवर पाणी पडल्यास आग भडकते. गॅसची गळती बंद करता येत नसेल, तर ज्वाला विझविण्याची घाई न करता टाकी थंड ठेवावी लागते. अन्यथा साचलेला वायू स्फोट घडवितो. धुरात शिरणाऱ्या जवानाच्या पाठीवरील श्वसनयंत्रातील हवा साधारण अर्धा ते पाऊण तास पुरते, श्रम वाढले की त्याहून कमी.

२१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, तेव्हा जवानांना पांढऱ्या धुक्यात शिरावे लागले. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. तो स्वतः जळत नाही, पण ठिणगीला वणव्याचे बळ देतो. गळती थांबली, मात्र पुरवठ्याचा दाब घसरल्याने त्या दिवशी २२ रुग्णांचा मृत्यू झाला.

अपघातातील वाहनांचे पत्रे कापण्यासाठी हायड्रॉलिक कटर व स्प्रेडर वापरतात. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रस्त्यावर खासगी बसने पेट घेतला आणि १२ प्रवासी दगावले. अशा आगीत काही मिनिटांचाच अवधी मिळतो.

'विशेष पथक' या शब्दाने मात्र फसू नये. येथे प्रत्येक कामासाठी स्वतंत्र माणसे राखून ठेवलेली नसतात. सकाळी बोटीत बसलेला जवान रात्री शिडीवर असू शकतो. दीर्घकाळ भरती रखडल्याने हा ताण अधिकच वाढला. दुसरीकडे, २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनंतर उंच इमारतींना वाव मिळाला. शिडी पोहोचत नाही तेथे इमारतीतील स्वतःची यंत्रणाच आधार ठरते. ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये देणे राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने बंधनकारक आहे.

२००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्ट रोजी चेंगराचेंगरीत ३० हून अधिक भाविकांचा बळी गेला. २०२७ च्या अमृतस्नानांच्या वेळी घाटावर बोटी व दोर घेऊन उभे राहणारे मनुष्यबळ याच दलातून काढावे लागेल आणि त्या काळात उर्वरित शहराच्या वर्दीही थांबणार नाहीत.